श्रम मंत्रालय कधी झालं, समाजकल्याण त्यात होतं का, आणि मिल कामगाराच्या घरच्यांनी कुठे जायचं

प्रश्न इंदूरच्याच एका मुलीचा आहे. ती राज्यसेवेची तयारी करते आहे. तिने विचारलंय : 'काका, केंद्राचं श्रम व समाजकल्याण मंत्रालय नेमकं कधी स्थापन झालं? एका टिपणात १९३७ आहे, दुसऱ्यात १९४७. आणि घरचा प्रश्न. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये होते. मिलचे पैसे मिळाले ते ते गेल्यावर. आजीला पेन्शन मात्र काहीच नाही. श्रम मंत्रालयाला पत्र लिहू का?'

पत्र एवढ्यात लिहू नकोस. आधी इतिहास बघू. मिल कामगारांची प्रकरणं हाताळण्यात माझी हयात गेली. फाइल चुकीच्या दारात देऊन वर्षं घालवणारी माणसं मी सतत बघतो, आणि दार चुकतं ते बहुधा कुठलं खातं कुठून निघालं हे माहीत नसल्यामुळे.

पहिली गोष्ट म्हणजे दिल्लीत 'श्रम व समाजकल्याण' नावाचं एक मंत्रालय नाही. कामाच्या या दोन धारा वेगवेगळ्या उगमातून आल्या. कधी एकाच मंत्र्याकडे आल्या एवढंच. डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग यांच्या सरकारात रामविलास पासवान यांच्याकडे श्रम आणि कल्याण ही दोन्ही खाती होती. मंत्री एक, कचेऱ्या दोन. तुझ्या टिपणातला घोळ कदाचित तिथलाच असेल.

आता १९३७ की १९४७? दोन्ही चालतील, प्रश्न कसा विचारलाय त्यावर. इंग्रजांच्या काळात मजुरांचा विषय उद्योग व श्रम खात्यात होता. १९३७ मध्ये त्या खात्याचे दोन भाग झाले, एक दळणवळण आणि दुसरा श्रम. म्हणजे केंद्रात स्वतंत्र श्रम खातं १९३७ चं. स्वातंत्र्यानंतर खात्यांना मंत्रालय म्हणू लागले, म्हणून १९४७. परीक्षेत पर्याय आले तर 'विभाग' लिहिलंय की 'मंत्रालय' एवढं बघ.

पण सरकारला मजुरांसाठी वेगळं खातं लागलंच कशाला? १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला तेव्हा असं खातं नव्हतं. त्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. त्यामागे दयेइतकाच लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबावही होता, इथला कपडा स्वस्त पडतो ही त्यांची ओरड. खरा फरक पडला १९१९ मध्ये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना निघाली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य झाला. मग तिच्या जिनिव्हाच्या कचेरीला उत्तरं द्यायची, ठराव मान्य केले तर त्याप्रमाणे कायदे करायचे, अशी कामं मागे लागली. १९२२ चा आठवड्याला साठ तासांचा कारखाना कायदा, १९२३ चा नुकसानभरपाईचा, १९२६ चा ट्रेड युनियनचा, हे सगळे त्याच दशकातले. केंद्रीय कायदेमंडळात मजुरांची बाजू मांडणारे ना. म. जोशी तेव्हा सरकारनियुक्त सदस्य होते. १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं गेलं, १९३१ मध्ये अहवाल आला, आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच अहवालातून कायदे निघत राहिले.

आता आपल्या मातीतला माणूस. जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम सदस्य, आजच्या भाषेत श्रममंत्री, झाले. जन्म महूचा, आपल्यापासून तासाभराच्या अंतरावरचा. म्हणून इथे १४ एप्रिलच्या भाषणांत त्या पदावरच्या चार वर्षांबद्दल बरंच काही ऐकू येतं. त्यातलं काही खरं असतं, काही ऐकीव. 'बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले' हे वाक्य तर पाठच असतं. ते तू उत्तरपत्रिकेत लिहू नकोस. १९३४ च्या कायद्यानेच बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ आणि दिवसाला १० तास ठरलेले होते. १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ आणि ९ झाले, आणि ती दुरुस्ती आंबेडकरांच्या खात्याने आणली होती. म्हणजे श्रेय त्यांचंच, फक्त आकडे नीट द्यावेत. चौदा तासांची फोडणी दिल्याने त्यांचं काम मोठं होत नाही, ते मुळातच मोठं आहे.

काय काय उभं राहिलं त्या चार वर्षांत? ऑगस्ट १९४२ मध्ये सरकार, मालक आणि मजूर या तिघांची परिषद दिल्लीत भरली. भारतीय श्रम परिषदेची आजची पद्धत तिथून पक्की झाली. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कायदा निघाला. डी. व्ही. रेगे यांच्या समितीने देशभरच्या मजुरांची घरं, मजुरी, कर्ज यांची पाहणी केली. १९४५ मध्ये केंद्रीय मुख्य श्रमायुक्तांची यंत्रणा आली, आणि युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना कामं मिळावीत म्हणून त्याच वर्षी रोजगार विनिमय केंद्रं उघडली. सिमल्याचा श्रम ब्यूरो १९४६ चा. एवढं असून त्याच श्रम खात्याकडे तेव्हा वीज, पाटबंधारे, खाणी, बांधकाम आणि सरकारी छापखानेही होते. दामोदर खोऱ्यातल्या धरणं-वीज योजनेची आखणी श्रम सदस्याच्या टेबलावर का आली, याचं उत्तर हे आहे.

एक बाजू मात्र भाषणांत येत नाही. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये सरकारने खाणीच्या पोटात बायकांनी काम करण्यावरची बंदी उठवली. कायदेमंडळात त्यावर टीका झाली, आणि सरकारची बाजू मांडायची पाळी श्रम सदस्यावर, म्हणजे आंबेडकरांवर आली. पुरुषांइतकीच मजुरी द्यायची अट होती, १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागूही झाली, पण मधली तीन वर्षं बायका खाली उतरत होत्या. श्रम मंत्रालयाची जी जन्मजात अडचण आहे ती इथे उघडी दिसते. मजुराचं रक्षण करायचं, आणि सरकारला उत्पादन हवं असेल तेव्हा तेही चालू ठेवायचं, ही दोन्ही कामं एकाच खात्याकडे.

यातलं इंदूरला किती लागू होतं? स्वातंत्र्याआधी जवळपास काहीच नाही. आपण होळकर संस्थान. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप चालत नसत. दरबार स्वतःचे कायदे करी, नाहीतर बाहेरचे उचलून थोडे बदलून लावी. मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी, एवढ्या मिलांचे भोंगे वाजत होते. पण दिल्लीचं श्रम खातं त्यांच्या फाटकाबाहेरच होतं. २८ मे १९४८ ला मध्य भारत झाला. मग गंमत बघ, इथल्या औद्योगिक संबंधांसाठी मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा थोडाफार बदलून लावण्यात आला. तेव्हा मुंबईतल्या परळच्या आणि इंदूरमधल्या परदेशीपुऱ्याच्या कामगाराचा कायदा जवळजवळ एकच होता. मध्य प्रदेशचा स्वतःचा कायदा आला १९६० मध्ये. केंद्राचे बरेचसे कायदे इथे पोचले ते 'ब' वर्ग राज्यांसाठीच्या, म्हणजे जुन्या संस्थानांतून झालेल्या राज्यांसाठीच्या, १९५१ च्या कायद्याने, त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून. त्यामुळे जुन्या कामगाराच्या नोकरीचा हिशोब करताना मी आधी बघतो की त्याची कुठली वर्षं कुठल्या राजवटीत गेली.

जगजीवनराम १९४६ च्या अंतरिम सरकारापासून १९५२ पर्यंत श्रममंत्री होते. औद्योगिक विवाद कायदा, किमान वेतन, कारखाना कायदा, ईएसआय, भविष्य निर्वाह निधी हे सगळे खांब त्यांच्या काळात उभे राहिले. फंडाचं बघ. नोव्हेंबर १९५१ मध्ये वटहुकूम, १९५२ मध्ये कायदा, आणि सुरुवातीला फक्त सहा उद्योग : सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कापड त्या सहांत होतं म्हणून इंदूरच्या घराघरांत 'फंड' हा शब्द लवकर रुजला. ईएसआय १९५२ मध्ये आधी कानपूर आणि दिल्लीला सुरू झाली, आपल्याकडे १९५५ मध्ये आली.

नंतरचे व्ही. व्ही. गिरी. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबतचा निवाडा मंत्रिमंडळाने बदलला म्हणून १९५४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. श्रममंत्र्याने कामगारांच्या प्रश्नावर खुर्ची सोडावी, असं फार वेळा घडलेलं नाही. त्या बँक निवाड्याची पुढची चौकशी शेवटी न्या. गजेंद्रगडकरांकडे आली, आणि १९६६ मध्ये पहिला राष्ट्रीय श्रम आयोग नेमला तेव्हा त्याचे अध्यक्षही तेच झाले. साताऱ्याचा हा माणूस देशाचा सरन्यायाधीश होऊन आलेला. १९६९ चा त्यांचा अहवाल जाडजूड आहे, पण त्याची गाभ्याची शिफारस, स्वतंत्र औद्योगिक संबंध आयोगाची, सरकारने गुंडाळून ठेवली.

मला स्वतःला जास्त महत्त्वाचा वाटतो तो गुलजारीलाल नंदांचा काळ, १९५७ ते १९६३. नंदानगर ऐकून आपल्याला वस्ती आठवते, माणूस आठवत नाही. मिल कामगारांच्या त्या वस्तीला नाव त्यांचंच आहे. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या श्रम परिषदेने किमान मजुरी कशी मोजायची ते ठरवलं. खाण्याच्या हिशोबात कामगार एक एकक, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६, मिळून तीन एककं. प्रत्येकी २,७०० कॅलरी. माणशी वर्षाला १८ वार कापड, म्हणजे चौघांना ७२ वार. शिवाय घरभाडं, आणि सरपण, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण मजुरीच्या वीस टक्के. बायकोची कमाई धरायची नाही. दिवसभर घर ओढणाऱ्या बाईचं पोट ०.८ का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला की नाही कोण जाणे. पण मोजमाप मात्र टिकलं. नव्या वेतन संहितेच्या नियमांचा मसुदा आला त्यात कापड ६६ मीटर लिहिलंय. भागाकार करून बघ, तेच ७२ वार आहेत. हुकुमचंदच्या मागावर कापड विणणाऱ्याच्या वाट्याचं कापड १९५७ मध्ये ठरलं आणि आकडा आजही तोच चालू आहे.

नंदांनी १९५८ मध्ये शिस्तीची संहिताही आणली. संप नको, टाळेबंदी नको, बोलून मिटवा. अहमदाबादच्या मजूर महाजनाची, म्हणजे तिथल्या गिरणी कामगारांच्या युनियनची, ही पद्धत. इंदूरला इंटकच्या, म्हणजे काँग्रेसच्या बाजूच्या, युनियनमध्ये ती मुरलेली होती. इथले मजूर पुढारी व्ही. व्ही. द्रविड पुढे राज्याचे श्रममंत्री झाले. दुसऱ्या बाजूला लाल झेंडा होता, आणि १९६२ मध्ये होमी दाजी इंदूरहून लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा सगळ्या मिलवस्त्या काही महाजनाच्या पद्धतीवर खूश नव्हत्या हेही दिसलं.

नंतरच्या काळातली नावं भरभर सांगतो, परीक्षेला तेवढी पुरतील. १९६६ मध्ये मंत्रालयाला रोजगारासोबत पुनर्वसनही जोडलं गेलं, फाळणीच्या निर्वासितांचं काम. १९६५ बोनस, १९७० कंत्राटी कामगार, १९७२ ग्रॅच्युइटी, १९७६ वेठबिगारी बंदी. १९९९ मध्ये रवींद्र वर्मांचा दुसरा श्रम आयोग, २००२ मध्ये अहवाल. कायदे मोजक्या संहितांत बांधा ही कल्पना त्यातली. २०१५ च्या सुमाराला आयटीआय आणि प्रशिक्षणाचं काम कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेलं. २९ कायद्यांच्या चार संहिता २०१९ आणि २०२० मध्ये संमत झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या.

आता समाजकल्याण. ही दुसरीच नदी. ऑगस्ट १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघालं, ते संस्थांना अनुदान देण्यासाठी. १९६४ मध्ये सामाजिक सुरक्षा विभाग झाला, १९६६ मध्ये त्याचं नाव समाजकल्याण. मग शिक्षण खात्याशी संसार, मग वेगळं मंत्रालय. १९८५ मध्ये महिला-बालविकास बाजूला निघाला, अनुसूचित जाती-जमातींचं काम गृह खात्यातून इकडे आलं आणि 'कल्याण मंत्रालय' झालं. मे १९९८ पासून ते सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालय. आदिवासींचं काम १९९९ मध्ये वेगळं निघालं, अल्पसंख्याकांचं २००६ मध्ये.

दोन्ही इतिहास शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. ज्याचं नाव मिलच्या मस्टरवर, तो श्रम मंत्रालयाचा : त्याचा फंड, त्याचा ईएसआय, त्याची ग्रॅच्युइटी, सगळं हक्काचं. मस्टरबाहेरचा माणूस कल्याणाचा : अनुदान, मदत, निकष, यादी. मध्ये बदली कामगार, जो फाटकावर उभा राही आणि कुणी गैरहजर असेल तरच आत जाई. बांधकामावरच्यांसाठी १९९६ चा कायदा आणि उपकर आला, असंघटितांसाठी २००८ चा कायदा, ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्या नोंदणीचं ई-श्रम पोर्टल, आणि नव्या संहितेत घरपोच जेवण आणून देणाऱ्या पोरांसाठी कंपनीने उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा द्यायची तरतूद. एवढं सगळं झालं तरी ई-श्रमचं कार्ड हातात असलेल्या माणसाला ते कार्ड म्हणजे फंड नव्हे हे मला अजून समजवावं लागतं.

मिलच्या पैशाचं काय? हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. रक्कम मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, सुमारे २२४ कोटी रुपये. त्यात श्रम मंत्रालय जवळपास कुठेच नव्हतं. एक तर कापड गिरणीसाठी 'समुचित सरकार' राज्याचं. केंद्राकडे रेल्वे, खाणी, बँका, बंदरं असले विषय. म्हणून मिलवाल्यांनी दिल्लीला पाठवलेले अर्ज 'राज्य शासनाकडे योग्य कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन परत येत, आणि राज्याचे श्रमायुक्त तर इथेच इंदूरला, मोती बंगल्यात. १९५६ मध्ये राज्य झालं तेव्हा भोपाळला राजधानी, जबलपूरला हायकोर्ट, ग्वाल्हेरला महसूल मंडळ आणि आपल्याकडे श्रमायुक्त व लोकसेवा आयोग अशी वाटणी झाली, त्यातलं हे. दुसरं म्हणजे मिल दिवाळ्यात गेली की कामगार हा देणेकरी कंपनीच्या दारातला एक घेणेकरी होतो. मग गाठ लिक्विडेटरशी (बुडीत कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा), बँकांशी आणि हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाशी. कामगाराचं देणं बँकेच्या तारण कर्जाच्या बरोबरीने धरायचं, ही तरतूद १९८५ मध्ये कंपनी कायद्यात आली, श्रम कायद्यात नाही. त्याआधी बँकांचं भागून उरलं तर कामगाराला. मालवा, कल्याणमल, स्वदेशी या मिला १९७४ मध्ये सरकारने घेतल्या, म्हणून त्यांच्या कामगारांचा रस्ता वेगळा, तो राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडून.

राहिली पेन्शन. फंडाच्या कार्यालयाची दरमहा पेन्शन म्हणजे १९९५ ची योजना, १६ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन होती, तिच्यात पगाराच्या १.१६ टक्के जात. ती कामगार नोकरीत असताना वारला तर घरच्यांना. निवृत्त झालेल्याला दरमहा काही नाही. १ एप्रिल १९९३ आणि १५ नोव्हेंबर १९९५ यांच्या दरम्यान जे बाहेर पडले त्यांना नव्या योजनेत यायचा पर्याय होता. आता मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण 'मिल बंद पडली' आणि 'नोकरी संपली' या कायद्यात दोन वेगळ्या तारखा असू शकतात. म्हणून आजोबांची फंडाची जुनी स्लिप शोध. खाते क्रमांक एमपी या अक्षरांनी सुरू होईल. सभासदत्व कोणत्या तारखेला बंद दाखवलंय आणि फंड पूर्ण काढला होता का, एवढ्या दोन गोष्टी बघायच्या. नावही बघ. मिलच्या बाबूने हिंदीत लिहिलेलं मराठी आडनाव आणि आधारवरचं आडनाव जुळत नाही, यावर मी जितकी प्रतिज्ञापत्रं केली तितकी दुसऱ्या कशावरच केली नसतील. पैसे काढून खातं १९९१-९२ लाच बंद झालेलं असेल, तर त्या बाजूने काही निघणार नाही, उगाच एजंटला पैसे देऊ नकोस.

तेव्हा आजीसाठी दुसरं दार. विधवा पेन्शन श्रम मंत्रालयाची नाही, आणि दिल्लीत ती सामाजिक न्याय मंत्रालयाचीही नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालेला राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम ग्रामीण विकास मंत्रालयाकडे आहे, शहरातल्या आजीचा पैसासुद्धा तिथूनच येतो. त्यात विधवेसाठी वय ४० ते ७९, केंद्राचा वाटा ३०० रुपये, आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवं. वाटप मात्र राज्याचा सामाजिक न्याय विभाग करतो. यादीत नाव नसेल तर राज्याची कल्याणी पेन्शन (विधवांसाठीचीच) आहे, तिला दारिद्र्यरेषेची अट नाही, पण आयकर भरणारी नको आणि दुसरी कुटुंब पेन्शन चालू नको. ऐंशी ओलांडली असेल तर विधवेचा नाही, वृद्धापकाळाचा अर्ज.

अर्ज नगर निगमच्या झोन ऑफिसात. समग्र आयडीवर, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणीत, आजीचं वय आणि वैवाहिक स्थिती आधी तपासून घे. आजोबा गेल्याची नोंद तिथे झाली नसेल तर अर्ज कॉम्प्युटरच परत करतो, बाबूपर्यंत पोचतच नाही. मृत्यू दाखला, आधार, बँक पासबुक यांच्या प्रती घे, आणि पासबुकावरचं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत विचारून मगच जा.